एक मूठ तांदूळ

श्रोतेहो, नमस्कार.

लेंटचे, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचे, दिवस चालू आहेत. या दिवसांत आपल्या मराठी मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या सभासदांमध्ये, घरोघरी प्रार्थनासभा होतात, आणि सभा संपून चहा फिरू लागला की कोणीतरी हळूच एक प्रश्न विचारते. संकटात माझी प्रार्थनाच आटून गेली, तर मी काय करावे? आज मला या प्रश्नाविषयीच बोलायचे आहे.

बायबलातील मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील प्रसंग आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ असेल. कफर्णहूममधील एका घरात येशू बोलत आहे, दाराशीसुद्धा उभे राहायला जागा उरलेली नाही, म्हणून चार जण एका पक्षाघाती मनुष्याला छपरावर नेतात, छप्पर उकरतात आणि त्याची खाट खाली सोडतात. मार्क लिहितो की, त्यांचा विश्वास पाहून येशू त्या मनुष्याशी बोलला. पुन्हा सांगतो, त्यांचा विश्वास पाहून. खाटेवरच्या माणसाने काही मागितले, काही कबूल केले किंवा एखादी प्रार्थना म्हटली, असे तेथे कोठेही लिहिलेले नाही. त्याला उचलून आणणाऱ्यांचा विश्वास त्याच्या कामी आला. अंधाऱ्या काळात मंडळी एखाद्या माणसाला जे देऊ शकते ते हेच, आणि ख्रिस्ती आशेचा पाया मला येथे दिसतो.

ही आशा म्हणजे सारे काही लवकरच सुरळीत होईल असा अंदाज नव्हे. 88 वे स्तोत्र उघडून पाहा. ते अंधारातच संपते, शेवटी दिलाशाची एक ओळही येत नाही, आणि तरीही ते आपल्या पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, मानाने टिकून आहे. वधस्तंभावर स्वतः प्रभूने 22 व्या स्तोत्रातील आक्रोश ओठांवर घेतला. ज्या धर्मात देवाचा पुत्र ‘तू माझा त्याग का केलास’ असे विचारू शकतो, त्या धर्मात खचलेल्या माणसाला अविश्वासू ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही. म्हणून दुःखाच्या घरी जाऊन वचनांचा भडिमार करणाऱ्यांना मी नेहमी कळकळीने सांगत आलो आहे की, बायबलातील सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहिले, तोवर त्यांचे काहीच चुकले नव्हते.

आता मी तुम्हाला 1982 सालची एक गोष्ट सांगतो. त्या वर्षी 18 जानेवारीला डॉक्टर दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार कामावरून बाहेर पडले. माझे वडील त्यांच्यापैकी एक होते. ते साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते, लालबागच्या एका चाळीत आमची एक खोली होती, आणि नगर जिल्ह्यातून आलेल्या पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांप्रमाणे आमचाही रविवार भायखळ्याच्या बाजूच्या मराठी चर्चमध्ये जात असे. पहिले काही महिने उमेदीत गेले. पावसाळा लागला तेव्हा मात्र वाण्याची उधारी थांबली होती, तांब्यापितळेची भांडी गहाण पडली होती, आणि शेजारच्या खोल्यांतली माणसे एकेक करून गावाची वाट धरू लागली होती.

याच सुमारास वडिलांनी चर्चला जाणे सोडले. रविवारी सकाळी आई आम्हा मुलांना घेऊन निघे, आणि ते खिडकीशी पाठमोरे बसून राहत. कारण त्यांनी कधी सांगितले नाही, परंतु आईला ते ठाऊक होते. उपासनेत अर्पणाची थैली बाकाबाकावरून फिरते. ती हातात आली की आत काहीही न घालता पुढे सरकवावी लागेल, हे त्यांना सोसण्यासारखे नव्हते. घरातली संध्याकाळची प्रार्थनाही त्यांनी बंद केली. पवित्र शास्त्र फळीवर होते तेथेच राहिले.

आमच्या महिला मंडळात परळच्या एका रुग्णालयात परिचारिका असलेल्या एक वडीलधाऱ्या बाई होत्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. एका संध्याकाळी ड्यूटी संपवून, भिजलेली छत्री दाराबाहेर टेकवून, त्या आमच्या खोलीत आल्या. आईला वाटले, काहीतरी मदत घेऊन आल्या असतील, आणि नवऱ्यादेखत ती घ्यावी लागणार म्हणून तिचा चेहरा उतरला. मावशी मात्र म्हणाल्या, “अगं, मी द्यायला नाही, मागायला आले आहे. रोज भात लावताना एक मूठ तांदूळ बाजूला काढायचा आणि शनिवारी चर्चमध्ये आणून द्यायचा. सगळ्या घरांतून गोळा करतो आहोत. ज्यांची चूल पेटत नाही त्यांना वाटायचा आहे.”

आई गोंधळली. ती म्हणाली, “मावशी, आमच्याच डब्याचा तळ दिसतो आहे. तुम्हाला ठाऊक नाही का?”

“ठाऊक आहे, म्हणून तर आले. तुमच्या घरची मूठ आल्याशिवाय मी डब्याला झाकण लावणार नाही.”

वडील खिडकीशी बसून हे सारे ऐकत होते. दुसऱ्या दिवशी आईने भात लावायला घेतला तेव्हा ते उठून आले, त्यांनी स्वतःच्या हाताने मूठ भरली, जरा विचार करून ती आणखी थोडी भरली आणि एका वाटीत ओतली. पुढे रोज ते काम त्यांनीच केले. ज्या माणसाने जन्मात कधी सूप हातात धरले नव्हते, तो वर्तमानपत्र पसरून त्या तांदळातले खडे वेचत बसू लागला. शनिवारी रुमालात बांधलेले ते तांदूळ घेऊन, मला बरोबर घेऊन, ते चर्चमध्ये गेले. वेदीच्या बाजूला एक मोठा पत्र्याचा डबा ठेवला होता. रेशनचा जाडा तांदूळ, कोणाच्या घरचा कोलम, कोणी गावाहून आणलेला आंबेमोहोर, कोणाची नुसती कणी, असे सगळे त्यात एकत्र पडले होते. वडिलांनी रुमालाची गाठ सोडली, तांदूळ आत ओतले आणि रुमाल डब्यावर झटकला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ते उपासनेला आले. उपासनेनंतर मावशींनी आमच्या पिशवीतही वाटणीचे तांदूळ घातले, आणि वडिलांनी ते घेतले. ज्याने दिले आहे त्याला घेताना लाज वाटत नाही, हे मावशींनी बरोबर ओळखले होते. पुन्हा सांगतो, ज्याने दिले आहे त्याला घेताना लाज वाटत नाही. त्या तांदळाचा भात कधी एकसारखा शिजला नाही. एक शीत मऊ लागे, तर दुसरे दाताखाली कचकन येई. परंतु आम्ही तो अनेक महिने जेवलो.

गिरणीने वडिलांना पुन्हा कधी कामावर घेतले नाही. संप जाहीरपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि लाखभराहून अधिक कामगारांच्या नोकऱ्या कायमच्या गेल्या. वडिलांनी पुढे रात्रपाळीचा पहारेकरी म्हणून काम केले. आमच्या प्रार्थनांना मागितले तसे उत्तर मिळाले नाही, आणि हे मी येथे मुद्दाम सांगतो आहे. तरीही फळीवरचे पवित्र शास्त्र खाली आले. चाळीतल्या सभेत त्यांनी पुन्हा ख्रिस्ती कवी टिळकांची भजने म्हटली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली याच मुंबईत झाला होता, आणि त्यापायी त्यांनी आपली माणसे गमावण्याचे दुःख भोगले होते. त्यामुळेच त्यांचे भजन खचलेल्या माणसाच्या तोंडी इतके सहज बसते, असे मला वाटते. ती भजने पेटी, तबला आणि टाळ यांवर संथ लयीतच म्हणावीत, हेही माझे आग्रहाचे मत आहे. हल्ली कीबोर्डाच्या ठेक्यावर ती पळवली जातात, आणि रडणाऱ्या माणसाला त्यांच्यामागे धावता येत नाही.

मावशींनी केले ते नवे नव्हते. सर्व जगात मोठा दुष्काळ पडणार असे कळल्यावर अंत्युखियातील शिष्यांनी यहूदियातील बांधवांसाठी बर्णबा आणि शौल यांच्या हाती मदत पाठवली, हे बायबलातील प्रेषितांच्या कृत्यांत आहे. याच शौलाने, म्हणजे प्रेषित पौलाने, करिंथच्या मंडळीला मासेदोनियातील मंडळ्यांचे उदाहरण दिले, ते त्या श्रीमंत होत्या म्हणून नव्हे. त्या अत्यंत दरिद्री होत्या आणि तरीही आम्हाला या सेवेत वाटा द्या असे त्यांनी विनवून मागितले.

गिरण्यांच्या जागी आता उंच इमारती उभ्या आहेत. तेथे आजारपण, कर्ज आणि एकटेपण बंद दारांआड असते, आणि पहारेकऱ्याकडे नाव लिहिल्याशिवाय वर जाता येत नाही. मंडळीच्या वडीलजनांना माझी विनंती आहे की, त्यांनी ते नाव लिहावे आणि वर जावे. सलग दोन रविवार एखादी जागा रिकामी दिसली, तर तिसऱ्या रविवारची वाट पाहू नये. जाताना हातात फळांची पिशवी असली तर चांगलेच, पण त्या घराकडे मागायलाही काहीतरी असावे. रविवारच्या शाळेत शिकवाल का, एखाद्या म्हाताऱ्या सभासदाला दवाखान्यात सोबत कराल का, हे विचारावे. आणि ज्यांची प्रार्थना आटली आहे अशा श्रोत्यांना मी एवढेच सांगेन की, उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) उपासनेला येऊन मागच्या बाकावर बसा. गीत म्हणता आले नाही तरी चालेल. तुमच्या पुढच्या बाकावरची माणसे ते तुमच्यासाठीही म्हणत असतात.

मावशी आता नाहीत. महिला मंडळाने मूठ गोळा करणे मात्र संपानंतरही थांबवले नाही. परळच्या रुग्णालयांत गावोगावहून रुग्ण येतात आणि त्यांचे नातेवाईक रात्री पदपथावर झोपतात. दर शनिवारी जमलेल्या तांदळाची खिचडी आता त्यांच्यासाठी शिजते, आणि ती वाटताना कोणाला धर्म किंवा जात विचारली जात नाही.

नमस्कार.