गडकरींचं मताधिक्य घटलं, मग मतं वळली कुठे?

नमस्कार मंडळी. परवा नागपुरात गिट्टीखदानच्या एका पानठेल्यावर उभा होतो. ठेलेवाला खर्रा घोटता घोटता म्हणाला, "भाऊ, उन्हाळ्यात गडकरींले देल्लं, दिवाळीनंतर ठाकरेंले." मुंबईचे नव्हे, आपले काँग्रेसचे विकास ठाकरे.

हाच तो काठावरचा मतदार. 2024 च्या एप्रिलमध्ये लोकसभेला पडलेले ठाकरे नोव्हेंबरात पश्चिम नागपूरचे पुन्हा आमदार झाले, तेही सहा हजारांच्या आसपासच्या फरकानं. एवढ्या फरकात असे चार-दोन पानठेले निकाल फिरवतात.

आता आकडे बघा. गडकरींचं मताधिक्य 2019 ला 2 लाख 16 हजार होतं, 2024 ला 1 लाख 37 हजारांवर आलं. लगेच चर्चा सुरू, "भाजपचा मतदार काँग्रेसकडे गेला!" थांबा ना बाप्पा. गडकरींची स्वतःची मतं 6 लाख 60 हजारांवरून 6 लाख 55 हजार झाली. घट जेमतेम पाच हजार. काँग्रेस मात्र 4 लाख 44 हजारांवरून 5 लाख 17 हजारांवर. म्हणजे 73 हजारांची भर. भाजपच्या खात्यातून तर एवढी गेलेली दिसत नाहीत. मग? 2019 ला इथे वंचित बहुजन आघाडीचा उमेदवार होता, 26 हजारांच्या घरात मतं घेऊन गेला. 2024 ला वंचितनं ठाकरेंना पाठिंबा दिला. शिवाय नवे मतदार, आणि मागच्या वेळी घरी बसलेले. नागपुरात मतदान 54-55 टक्क्यांवरच अडतं, त्यामुळे घरी बसणाराही मोठा खेळाडू आहे.

आणखी एक हिशोब. तुमचा मतदार घरी बसला, तर तुमची आघाडी एकानं घटते. तोच उठून समोरच्याला देऊन आला, तर दोनानं. म्हणून माझ्या मते पक्ष आपल्या पक्क्या मतदारापेक्षा या ठेलेवाल्याला जास्त घाबरतात. कोणी उघड बोलत नाही, ते सोडा.

निघताना त्याला विचारलं, महापालिकेला काय करतोस? 2017 ला प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा होत्या, चार बटणं दाबायची. पुडी बांधत तो म्हणाला, "तीन पक्षाले. चौथं गल्लीतल्या पोट्ट्याले. नाली उपसून देते ना तो."