रेमंड ग्रिफिथ: आवाज गमावलेला विनोदवीर

१९२६ सालचा मूकपट 'हँड्स अप!'. अमेरिकेतलं यादवी युद्ध. दक्षिणेचा एक हेर पकडला गेलाय आणि त्याच्यासमोर बंदुका रोखून सैनिक उभे आहेत. आता बघा हा काय करतो. ताटल्या उचलतो आणि एकेक करून हवेत भिरकावतो. उडती ताटली दिसली की सैनिकांचा नेम आपोआप तिकडेच वळतो! ताटल्यांचा चुराडा होतो, हा मात्र धडधाकट.

हा रेमंड ग्रिफिथ. जन्म १८९५, बोस्टन. नाटकात रोज किंचाळायची भूमिका होती, त्यात लहानपणीच आपला घसा गेला, असं तो सांगायचा. घटसर्पाने आवाज गेला, असंही म्हटलं जातं. काही असो, उरली ती घोगरी कुजबूज. नाटकात अशा नटाला कोण उभं करणार? पण मूकपटात त्याचं काहीच अडलं नाही.

विनोदी मूकपटांचा निर्माता मॅक सेनेट याच्याकडे त्याने विनोदी प्रसंग रचून दिले. पुढे पॅरामाउंट या चित्रपट कंपनीत तो नायक झाला. डोक्यावर रेशमी टॉप हॅट, अंगात झकपक सूट, आणि गळ्याशी आलं तरी चेहऱ्यावर तेच मंद हसू. बाकीचे पडून-आपटून हसवायचे. हा उभ्या उभ्या नुसत्या नजरेने हसवायचा. मला तरी हे जास्त अवघड वाटतं. चॅप्लिन, कीटन, लॉइड या मूकपटांतल्या विनोदवीरांच्या पंगतीत त्याचं पान मांडायलाच हवं.

ते मांडलं गेलं नाही, कारण त्याचे बरेच चित्रपट नष्ट झाले. 'पाथ्स टू पॅरडाइज' (१९२५) मधल्या दोन चोरांमागे पोलीस थेट मेक्सिकोच्या हद्दीपर्यंत लागतात. हा चित्रपट सापडला खरा, पण शेवटच्या रिळाविना.

मग पडदा बोलू लागला आणि ग्रिफिथचं नायकपण संपलं. १९३०च्या 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'मध्ये तो शेवटचा दिसला. बाँबगोळ्याने पडलेल्या खड्ड्यात एक फ्रेंच सैनिक मरतोय. त्याला भोसकणारा जर्मन पोरगा रात्रभर त्याच्याजवळ बसून माफी मागतोय. बोलतो तो पोरगाच. ग्रिफिथच्या वाट्याला एकही संवाद नाही, फक्त डोळे. विनोदी नटाने केलेलं इतकं जीवघेणं काम मी क्वचितच पाहिलंय.

त्यानंतर तो निर्मितीत रमला. 'हायडी' (१९३७), 'द मार्क ऑफ झोरो' (१९४०) यांच्या निर्मितीत त्याचा हात होता. १९५७ साली लॉस एंजेलिसमध्ये त्याचं निधन झालं.