पाठीमागची बाजू

[दृश्य: टेबलावर पसरलेलं सामान, त्यात फिरणारे दोन हात]

आज फ्रिजच्या दारावर लावायचे मॅग्नेट घरी बनवतोय. हे हात मावशीचे, आवाज माझा. चेहरा दाखवायचा नाही ही तिची अट, त्यामुळे ती तुम्हाला मनगटापर्यंतच दिसेल. टेबलावर आहेत जुन्या कॅलेंडरची पानं, कोटाची सुटी बटणं, बाटल्यांची झाकणं आणि जोडीदार हरवलेलं एक कानातलं. यातलं काहीच विकत आणलेलं नाही. आणलीत ती फक्त काचेची भिंगं, गोंद आणि लोहचुंबकं.

[दृश्य: काचेचं भिंग कॅलेंडरच्या पानावरून सरकतंय]

भिंग वरून फुगीर, खालून सपाट. पानावरून ते असं फिरवत न्यायचं. खालचं चित्र जरा मोठं दिसतं आणि एरवी नजरेत न भरणारा तुकडा अचानक उठून दिसतो. हा पाहा, चिमणीचा डोळा. अख्ख्या चित्रात तो मोहरीएवढाही नव्हता.

मावशी भिंगाभोवती पेन्सिल फिरवते, पण कापते रेघेच्या किंचित आतून. कागद बाहेर डोकावला की कडेने दमट होतो, मग उकलतो. गोंदाचा थेंब मधोमध टाकायचा आणि भिंग वरून दाबायचं. आता नीट बघा. तो बुडबुडा अंगठ्याखालून पळतोय, आणि मावशी त्याला हाकत हाकत कडेला नेतेय. "अरे, कॅमेरा सरकव, सावली पडतेय," हे तिचं वाक्य मी मुद्दाम कापलेलं नाही.

पांढरा गोंद ओला असताना दुधट दिसतो, वाळला की पारदर्शक होतो. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेलं चित्र मात्र इथे दगा देतं, कारण त्याची शाई पाण्याने फुटते. छापील कॅलेंडर त्या मानाने भरवशाचं.

[दृश्य: फ्रिजचं दार, कडेची रबरी पट्टी जवळून]

चुंबकाचं आणि या दाराचं नातं सजावटीच्या आधीचं आहे. पूर्वी फ्रिजला बाहेरून खटका असायचा आणि आत अडकलेल्या मुलाला तो उघडता येत नसे. अमेरिकेत १९५६ साली कायदा झाला, की दार आतून ढकलून उघडलं पाहिजे. मग खटका गेला आणि चुंबकी पट्टी रुळली. ती या रबरात दडलेली असते: फेराइटची, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडपासून केलेल्या चुंबकाची पूड, लवचीक प्लॅस्टिकमध्ये कालवून.

[दृश्य: चुंबकी शीटच्या दोन पट्ट्या एकमेकींवर घासल्या जातायत]

हा टकटक आवाज ऐकलात? कात्रीने कापता येणाऱ्या चुंबकी शीटच्या या दोन पट्ट्या. शीटवर उत्तर आणि दक्षिण ध्रुव बारीक ओळींनी आलटून पालटून असतात. ओळी जुळल्या की पट्टी धरते, सरकल्या की सोडते. त्यातही जोर बहुतेक एकाच बाजूला असतो. उलटी लावली तर जेमतेम टिकते. चुंबकत्व असं एका बाजूला गोळा करता येतं, हे चुंबकत्वाचे अभ्यासक जॉन मॅलिन्सन यांनी १९७३ साली मांडलं. कापडाच्या किंवा कागदाच्या हलक्या कामाला ही शीट पुरते. काचेला नाही पुरत.

[दृश्य: तळहातावर चकचकीत छोटी चकती]

काचेला ही लागते. चुंबकाची चकती: निओडिमियम नावाचा धातू, लोह आणि बोरॉन यांचं मिश्रण, वर निकेलचा मुलामा. सगळी गडबड या मुलाम्यातच आहे. पृष्ठभाग इतका गुळगुळीत, की हॉट ग्लूचा, म्हणजे वितळवून लावायच्या गोंदाचा, थर काही दिवसांनी सालीसारखा सुटून येतो. चकती दाराला चिकटलेली राहते आणि चिमणी हातात येते. विकतच्या मॅग्नेटांचंही अनेकदा हेच होतं. पुढच्या बाजूवर सगळा जीव आणि मागे गोंदाचा एक ठिपका!

मावशी आधी चकतीची एक बाजू सॅंडपेपरवर घासते, चमक मरेपर्यंत. मग स्पिरिटचा बोळा. मग एपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळले की घट्ट होणारा गोंद: दोन नळ्यांतून सारखे दोन ठिपके, काडीने घोटून एकजीव. चकती ठेवायची, दाबायची आणि हात काढायचा.

[दृश्य: ओल्या गोंदातली चकती उडून शेजारच्या चकतीला चिकटते]

हे ठरवून केलेलं नाही. दोन नग जवळ ठेवले, इतकंच. पुढच्या दृश्यात ते टेबलाच्या दोन टोकांना दिसतील.

पॉलिमर क्लेची, म्हणजे भाजल्यावर कडक होणाऱ्या प्लॅस्टिकच्या मातीची, फुलं ओव्हनमध्ये भाजतानाचं चित्रण राहून गेलं, त्यामुळे थेट तयार फुलंच बघा. क्ले साधारण १३० अंशांना भाजतात आणि साध्या निओडिमियमचा जोर ८० अंशांपुढे उतरू लागतो. म्हणून चुंबक भाजल्यावर लावायचा. आणि लहान मुलं असलेल्या घरात या चकत्या नकोतच. दोन गिळल्या तर आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकींना ओढतात, आतडं फाटतं. तिथे शीटच बरी.

[दृश्य: फ्रिजचं दार, एकेक मॅग्नेट लागतोय]

काही स्टेनलेस स्टीलच्या दारांना चुंबक धरतच नाही, तेव्हा आधी एखादी चकती लावून पाहा. या दाराला धरतो. बटण, झाकण, एकुलतं कानातलं. आणि चिमणी, जिच्याखाली मावशी कागद वाढवत चाललीय. चार, पाच, सहा.

सातव्या कागदाला चिमणी हळूहळू खाली घसरली.

मावशीने ती उलटी केली. गोंद चकतीच्या तोंडावर आला होता, म्हणजे दार आणि चुंबक यांच्यात तेवढी फट. तिने नखाने खरवडून पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे न बघताच सॅंडपेपरसाठी हात पुढे केला.