करवत शेवटी : लष्करी रायफलीची शिकारी रायफल करताना

मंडळी, विषय जुन्या लष्करी रायफलीची शिकारी रायफल करण्याचा. तो अमेरिकेतला आहे आणि तिथेच ठेवतो. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करणं हाच गुन्हा आहे. या प्रकाराशी आपलं नातं एवढंच, की .३०३ हे लष्करी काडतूस सामान्य माणसाला बंद होतं, म्हणून इशापूरच्या कारखान्यानं ली-एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीचीच यंत्रणा घेऊन .३१५ची शिकारी रायफल बांधली. आपल्याकडे जे काम सरकारी कारखान्यात झालं, ते अमेरिकेत लोकांनी गॅरेजमधल्या कामाच्या टेबलावर केलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे माउझर, स्प्रिंगफील्ड, एनफिल्ड या लष्करी रायफली टपालानं घरपोच मिळत, तेही नव्या शिकारी रायफलीच्या मानानं अगदी स्वस्तात. तेव्हा लष्करी लाकूड कापून टाकणं परवडत होतं. १९६८च्या कायद्यानं टपालविक्री आणि लष्करी शिल्लक मालाची आयात थांबली. आयात पुढे ऐंशीच्या दशकात संग्राहकांसाठी पुन्हा सुरू झाली, पण तोवर हिशेब उलटला होता. सगळ्या भागांवर एकच नंबर असलेली अस्सल के-९८ ही जर्मन माउझर रायफल आज कापली, तर हजारो रुपयांचं लाकूड आणि पॉलिश चढवूनही तिची किंमत खालीच येते. म्हणून पहिली निवड अशी : कुणीतरी आधीच नळी कापलेली किंवा दुर्बिणीसाठी भोकं पाडलेली रायफल घ्या. फक्त दस्ता (रायफलीचा लाकडी भाग) कापलेला असेल तर मात्र थांबा. अमेरिकी सैनिकांनी घरी आणलेल्या कित्येक के-९८चा दस्ता पुढच्या पट्टीखाली कापलेला असतो, कारण ती पिशवीत मावत नव्हती. तो जोड आतून खुंटी घालून बेमालूम बसवता येतो. ती रायफल वाचवण्याजोगी आहे.

आता पोलाद. स्प्रिंगफील्ड १९०३ असेल तर आधी नंबर वाचा. स्प्रिंगफील्ड कारखान्याचा ८,००,००० खालचा आणि रॉक आयलंडचा २,८५,५०७ खालचा असेल, तर ती चालवू नका, भिंतीवर टांगा. त्या काळी भट्टीचं तापमान कामगार डोळ्यांनी जोखत. जास्त तापलेलं पोलाद ठिसूळ झालं आणि काही रिसीव्हर, म्हणजे नळी आणि तिला मागून बंद करणारा सरकता बोल्ट ज्यात बसतात तो पोलादी सांगाडा, फुटले. पुन्हा उष्णोपचार करून ते सुधारत नाही. एम-१९१७ या अमेरिकी लष्करी रायफलीत एडीस्टोन कारखान्याचा माल असेल, तर नळी अतोनात घट्ट पिळलेली असते. ती नुसती पान्यानं उलटी फिरवली की रिसीव्हरला केसासारखी चीर जाते. त्यावर उपाय म्हणजे लेथवर रिसीव्हरच्या अगदी पुढे, नळीच्या खांद्यात खाच घेऊन ताण सोडवायचा आणि मग फिरवायचं. ली-एनफिल्ड नंबर ४ला हेडस्पेस, म्हणजे बोल्टचं तोंड आणि काडतूस पुढे जिथे टेकतं ती जागा यांच्यातलं अंतर, बोल्टहेड (बोल्टचा सुटा पुढचा तुकडा) बदलून जुळवता येतो. बोल्टहेडवर ० ते ३ आकडे असतात आणि आकडा वाढला की लांबी वाढते. मात्र हे अंतर तपासणारे गो आणि नो-गो गेज (बोल्ट पहिल्यावर बंद व्हावा, दुसऱ्यावर होऊ नये) हाताशी हवेत. बोल्ट बंद होतोय म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका.

त्यानंतर बेडिंग, म्हणजे इपॉक्सी (कडक होणारा चिकट राळेचा लेप) भरून रायफलीचं पोलाद दस्त्यात नेमकं बसवणं. खरा अचूकपणा इथे मिळतो, आणि यातलं काहीच कायमचं नसतं, कारण नवा दस्ता घेऊन लष्करी दस्ता जसाच्या तसा बाजूला ठेवता येतो. माउझरच्या रिसीव्हरच्या पुढच्या कड्याखाली धक्का झेलणारा लग (पोलादी खुंट) असतो. त्याची फक्त मागची बाजू इपॉक्सीला टेकली पाहिजे. पुढे, दोन्ही बाजूंना आणि खाली टेपचा एक थर लावा, नाहीतर रायफल दस्त्यातून निघताना लाकूड ओढून आणते. रिसीव्हरच्या मागच्या शेपटीमागे सुमारे १/३२ इंच मोकळं सोडा. तिथे पोलाद लाकडाला टेकलं, तर काही फैरींतच दस्ता मनगटाशी (मुठीत धरायच्या बारीक जागी) चिरतो. लाकूड तेलकट असेल तर इपॉक्सी धरत नाही, म्हणून आधी अ‍ॅसिटोननं पुसा. सगळी भोकं मॉडेलिंग क्लेनं बुजवा, आणि रिलीज एजंट (इपॉक्सी चिकटू न देणारा लेप) प्रत्येक पोलादी पृष्ठावर, स्क्रूच्या आट्यांतसुद्धा, लावा. नेमके आटे विसरले जातात! चिकटलंच तर सगळं फ्रीझरमध्ये ठेवा. पोलाद आकसतं आणि पकड सुटते. नळी लाकडाला टेकू नये, म्हणून तिच्याखाली कागदाची पट्टी चेंबरपर्यंत (नळीतल्या काडतुसाच्या जागेपर्यंत) सरकली पाहिजे.

दुर्बिणीसाठी मात्र परत न फिरणारं काम करावं लागतं. माउझरचा रिसीव्हर वरून कडक, आत मऊ असतो. साधं ड्रिल वर घसरतं आणि भोक वाकडं जातं. आधी छोट्या ग्राइंडिंग दगडानं ते कडक कातडं फोडा, मग ६-४८ मापाच्या स्क्रूच्या आट्यांसाठी ३१ नंबरचं ड्रिल वापरा. पुढच्या कड्याला ज्योत लावून मऊ करायचा मोह टाळा. बोल्टचे लग तिथेच टेकतात, आणि मऊ पोलादावर ते मागे रुतत जाऊन हेडस्पेस वाढतो. कड्यातला स्क्रू एक आटा जास्त लांब राहिला, तरी बोल्टच्या लगला अडतो.

मूळची सरळ बोल्ट-मूठ दुर्बिणीला आपटते, म्हणून ती खाली वळवतात. वेल्डिंगच्या वेळी बोल्टमध्ये उष्णता शोषणारा पोलादी गाभा पिळा आणि भोवती ओली फडकी गुंडाळा, नाहीतर कॉकिंग कॅम (मूठ उचलताना फायरिंग पिन मागे ताणणारा उतार) मऊ पडतो आणि मूठ उचलायला जड जाते. वरून फिरणारी सेफ्टीही (गोळी चुकून सुटू न देणारी कळ) अडते, तिथे बाजूला फिरणारी बसवा. ट्रिगर घासून हलका करण्यापेक्षा तयार सुटा ट्रिगर चांगला. मूळच्या ट्रिगरचा कडक थर पातळ असतो, आणि तो घासला गेला की रायफल आपटल्यावर आपोआप सुटू शकते.

नळी शेवटी. के-९८च्या आधीच्या गेवेर ९८ या जर्मन रायफलीची ७४० मिलिमीटर आहे, ती आखूड करावीशी वाटणं समजतं. के-९८ची ६०० मिलिमीटर तशीच ठेवा. अमेरिकी कायद्याची किमान मर्यादा १६ इंच आहे, पण ३०-०६ किंवा ८ मिलिमीटर माउझर या काडतुसांना २२ इंचांच्या आत गेलात, तर आवाज आणि ज्वाळाच वाढतात. करवतीनंतर तोंड लेथवर काटकोनात घ्या. कापूस लावलेली काडी आतून बाहेर ओढा. धागा कुठे अडकला, तर तिथे बुर (कापल्यावर उरलेली धातूची बारीक धार) शिल्लक आहे, आणि नेम बिघडेल.

पहिल्या पाच फैरींनंतर रिकामी काडतुसं उजेडात धरा. रिमच्या किंचित वर चमकदार वलय दिसलं, तर हेडस्पेस सैल आहे. त्या दिवशी सहावी फैर नको.