वळचणीचं पाणी

सकाळचे सात. सोलापूरच्या पूर्व भागातलं घर. खाली यंत्रमागाची खडखड, वर पत्र्याच्या कडेला टेकवलेली शिडी. मे महिन्यात याहून उशीर केला तर पत्र्याला हात लावता येत नाही.

पत्र्याच्या कडेच्या पन्हाळीत हात घातला की आधी येतो कडुनिंबाचा पाला. त्याखाली धूळ. आणि ही करडी लादी जरा जवळून बघा. मागावरनं उडालेले सुताचे तंतू धुळीत गुंतून घोंगडीसारखे घट्ट बसलेत. हे पाण्यानं वाहून जात नाही. भिजलं की फुगतं. म्हणून आधी खुरपं आणि घमेलं, पाइपचं पाणी नंतर. घाई करून आधीच पाणी मारलं, की सगळा गाळ उभ्या पाइपच्या बाकात जाऊन बसतो. मग बसा तारेनं कोरत!

जिल्ह्याचा पाऊस कोकणाच्या पाव हिश्श्याएवढाही नाही, त्यामुळं पन्हाळीची आठवण कुणाला येते? पण येतो तेव्हा एकदम येतो. 1000 चौरस फुटांच्या पत्र्यावर 25 मिलिमीटर पाऊस पडला, तर जवळपास 2300 लिटर पाणी उतरतं. पाइपच्या तोंडाशी बोळा असेल तर वळचणीचं पाणी खरंच आढ्याकडं निघतं. पत्र्याखाली शिरतं, भिंतीवर ओघळतं.

माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरात हे काम वेगळं लक्षात ठेवावं लागत नव्हतं. मृगाआधी वर पांढरी माती टाकायची, त्याच हातानं पन्हाळी मोकळ्या व्हायच्या. पत्रा आला, स्लॅब आला; माती गेली आणि तिच्याबरोबर तो दिवसही गेला.

आता दिवस आपणच ठरवायचे. एक मृगाआधी. दुसरा नवरात्राआधी, अंथरूण-पांघरूण धुवायला काढतो तेव्हाच, कारण आपल्याकडं मोठा पाऊस सप्टेंबरातच गाठतो. शिडी लावताना विजेची तार मात्र बघून घ्या.

गाळ निघाला. उताराच्या वरच्या टोकाला एक बादली ओतली. 10 फुटांना अर्धा इंच उतार पुरतो. इथं मधेच पाणी थबकलं, म्हणजे हूक खाली बसलाय. तो वर ठोकला. सांधा झिरपतोय, पण तो बुजवायचा मसाला आज नाही. ओल्या पत्र्यावर मसाला धरत नाही, उद्या वाळल्यावर.

दुसरी बादली. खाली पाइपमधनं आधी पिवळट पाणी, मागून कडुनिंबाची एक काडी, मग स्वच्छ धार. नळाला रोज पाणी नाही. घरच्या बाईंनी पिंप केव्हाच पाइपखाली सरकवलंय.