भिंतीवरचं चित्र आणि दोन आठवड्यांची भूमिका

[पडद्यावर संपूर्ण तैलचित्र]

साल १८८७. चित्रकार आंद्रे ब्रुइये. पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयात वर्ग भरलाय. शिकवतायत त्या काळचे नावाजलेले मज्जाविकारतज्ज्ञ झां-मार्तां शार्को. समोर दाटीवाटीने बसलेले डॉक्टर, आणि एका सहकाऱ्याच्या हातावर कलंडलेली ब्लांश विटमन. हिस्टेरियाची पेशंट, म्हणजे शरीरात दोष सापडत नसताना झटके येणारी.

[कॅमेरा सावकाश डावीकडे, मागच्या भिंतीवर]

आता प्रेक्षकांच्या पाठीमागे बघा. भिंतीवर एक रेखाचित्र आहे. झटका आलेली बाई, शरीराची धनुष्यासारखी कमान झालेली. बसलेल्यांची त्याच्याकडे पाठ आहे. त्या चित्राकडे तोंड आहे ते शार्कोंचं आणि ब्लांशचं.

म्हणजे तिने काय करून दाखवायचं, ते समोर टांगलेलंच होतं.

ती सोंग करत होती, असं म्हणून मोकळं होता येतं. मला ते पटत नाही. वर्षानुवर्षं वॉर्डात राहायचं, शेजारणींचे झटके बघायचे, कोणत्या झटक्याला डॉक्टर पुढे सरकून बघतात तेही बघायचं. शरीर यातून शिकत जातं, मालकाला न विचारता. शार्कोंच्या निधनानंतर त्यांचेच शिष्य बाबिन्स्की म्हणू लागले, की ही लक्षणं सूचनेतून, म्हणजे दुसऱ्याने मनात भरवलेल्या कल्पनेतून, उपजतात आणि समजुतीने जातातही. चित्रात ब्लांशला सावरून धरलंय ते याच बाबिन्स्कींनी.

१८८५-८६च्या हिवाळ्यात शार्कोंकडे शिकायला सिग्मंड फ्रॉइडही आले होते. चित्रात ते नाहीत. पुढे त्यांनी प्रेक्षक बाहेर काढले आणि दार लावून घेतलं: पेशंट एकटा बोलणार, डॉक्टर ऐकणार, हे मनोविश्लेषण. ती कथा अनेकदा सांगून झालीय.

आपल्याला जायचंय जॉर्ज केलींकडे. या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तरुणपणी कॉलेजात नाटकं बसवली होती. ती खोड पुढे उपचारात उतरली.

[एक कोरा कागद, पेन धरलेला हात]

केलींनी १९५५ साली मांडलेली पद्धत अशी. आलेल्या माणसाने आधी स्वतःबद्दल लिहायचं, पण ‘मी’ हा शब्द न वापरता. नाटकातलं एखादं पात्र असावं आणि त्याला आतून ओळखणाऱ्या, त्याच्यावर माया असलेल्या मित्राने त्याचं वर्णन करावं, तसं. ‘तो भांडण टाळतो. घरी आल्यावर मात्र मनातल्या मनात भांडत बसतो.’

ते वाचून थेरपिस्ट दुसरा कागद लिहितो. नवं पात्र, नवं नाव. इथे केलींची हुशारी दिसते: नवं पात्र जुन्याच्या नेमकं उलट नसतं. बुजऱ्या माणसाला वाचाळ करायचं नसतं. समजा, समोरच्याला नेमकं काय म्हणायचंय हे जाणून घ्यायची हौस असलेला कुणीतरी लिहायचा. मग जवळपास दोन आठवडे त्याच्यासारखं उठायचं, बोलायचं, जेवायचं. साहेबांशी, बायकोशी, मित्रांशी. जुना ‘मी’ तेवढे दिवस रजेवर.

तालीम सेशनमध्ये होते, कधी थेरपिस्ट साहेब होतो, कधी बायको. खरा प्रयोग बाहेर. तिथे वाक्यं अडखळतात, स्वतःचंच हसू येतं. पण आपण वेगळं विचारलं की समोरचाही वेगळं उत्तर देतो, आणि ते उत्तर कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. शिकणं होतं ते इथे.

दुसरे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस याहून धसमुसळे. एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलायची भीती घालवायला ते ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात शंभरेक अनोळखी मुलींशी जाऊन बोलले, असं ते स्वतःच सांगत. एक भेटायला तयार झाली. तीही आली नाही. पण आकाश कोसळलं नाही! पुढे त्यांनी लोकांना लाज मोडण्याचे गृहपाठ दिले. केळ्याला दोरी बांधून ते रस्त्याने फिरवून आणा, वगैरे.

[पुन्हा भिंतीवरचं रेखाचित्र]

पण मग धास्तीही वाटते. फ्रॉइडला मानणाऱ्या थेरपिस्टच्या पेशंटला फ्रॉइडी स्वप्नं पडतात आणि मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगला मानणाऱ्याच्या पेशंटला युंगी, हा या धंद्यातला जुना विनोद. विद्यार्थी गुरुजींना आवडेल तेच उत्तर देऊ लागतो. भूमिका लिहिणारा उपचार करतोय की आणखी एक चित्र टांगतोय?

केलींच्या पद्धतीत यासाठी एक थांबा आहे. नवा कागद वाचून दाखवल्यावर थेरपिस्ट विचारतो: असा माणूस खरा वाटतो का? याच्याशी ओळख करून घ्यायला आवडेल?

‘नाही’ म्हटलं, तर कागद पुन्हा लिहायचा.

[पेनाने खोडलेली एक ओळ. अंधार.]