खुर्ची रिकामी होण्याआधी

(दृश्य: लॉ कॉलेज रस्ता, सकाळ. भांडारकर संस्थेचं आवार, फाटकातून आत जाणारे सायकलवरचे कर्मचारी.)

१९३० साली पुण्यात गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्था सुरू झाली. रावबहादूर रा. रा. काळे यांनी सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीला दिलेल्या देणगीतून ती उभी राहत होती. पैशाची सोय झाली होती, उद्देश ठरला होता. राहिला होता माणूस. विश्वस्तांनी निवडलं धनंजयराव गाडगीळ यांना. वय वर्षं २९. भारताच्या औद्योगिक वाटचालीवरचं त्यांचं पुस्तक तोवर गाजलं होतं, पण संशोधन संस्था चालवण्याचा अनुभव त्यांना कुठून असणार? अशा संस्था देशात होत्याच किती?

गाडगीळ पुढची ३६ वर्षं संचालक राहिले. पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी त्यांच्याच काळात झाली. संस्थेत राहूनच त्यांनी प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचं पहिलं अध्यक्षपद सांभाळलं. १९६६ मध्ये ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून बाहेर पडले, तेव्हा त्यांच्या जागी वि. म. दांडेकर आले. दांडेकरांना कुठून बोलवून आणावं लागलं नाही. ते १९४०च्या दशकापासून तिथेच काम करत होते आणि त्यांचं काम देशभर माहीत होतं.

पहिला संचालक बाहेरून आणलेला, दुसरा घरात तयार झालेला. दोन्ही वेळा कुणीतरी आधीपासून विचार करत होतं. आजचा आपला विषय हा विचारच आहे: ना नफा तत्त्वावर चालणाऱ्या संशोधन संस्थांना आणि ग्रंथालयांना प्रमुख कसा मिळतो, आणि बऱ्याचदा का मिळत नाही.

(दृश्य: संस्थांच्या पाट्या, एकामागून एक.)

पुण्यात अशा संस्था दाटीने आहेत. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७चं. शं. पु. आघारकरांनी १९४६ मध्ये सुरू केलेली महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी, म्हणजे आजची आघारकर संशोधन संस्था, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. नदी ओलांडून सदाशिव पेठेत आलं की १९१०चं भारत इतिहास संशोधक मंडळ. आणि या सगळ्यांहून वडील, १८४८चं पुणे नगर वाचन मंदिर. कुणाला केंद्राचं अनुदान आहे, कुणी देणग्यांच्या व्याजावर चालतं, कुणी दोन्हींच्या मधे कसंबसं. प्रमुखाचा प्रश्न मात्र सगळ्यांना पडतो.

तो पडतो कसा, ते बघा. संचालकांची मुदत मार्चअखेर संपणार, हे पाच वर्षं आधीपासून सर्वांना माहीत असतं. कार्यकारिणीच्या बैठकीत विषय निघतो तो जानेवारीत. जाहिरात द्यायची ठरते, मसुद्यावर दोन बैठका जातात. तोवर मुदत संपते आणि संस्थेतल्या सर्वांत ज्येष्ठ शास्त्रज्ञाकडे प्रभारी म्हणून कार्यभार दिला जातो. सहा महिन्यांसाठी. मग आणखी सहा.

प्रभारी माणसाला नावं ठेवायचं काही कारण नाही. बहुतेक ठिकाणी तो संस्थेतला सर्वांत कष्टाळू माणूस असतो. स्वतःची प्रयोगशाळा, विद्यार्थी, शिवाय वर हे ओझं. पण पाच वर्षांच्या प्रकल्पाच्या प्रस्तावावर सही करताना त्याचा हात थांबतो. देणगीदार विचारतो, पुढच्या वर्षी तुम्ही असाल का? त्याला उत्तर देता येत नाही. नव्या पदांच्या भरतीला हात लावायचा नाही, असा अलिखित संकेतच असतो. आणि नुकतीच पीएच.डी. झालेली, संस्थेला हवीहवीशी वाटणारी मुलगी वर्षभर वाट बघते आणि बंगळुरूला निघून जाते. असं वर्ष गेल्याचा तोटा कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

(दृश्य: वर्तमानपत्राचं जाहिरातींचं पान.)

जाहिरातीकडे येऊ. पीएच.डी., वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव, नामांकित नियतकालिकांत शोधनिबंध, प्रशासनाचा अनुभव इष्ट. ही जाहिरात कुठल्याही संस्थेची असू शकते. इमारतीचं छत गळतंय, देणगीतून आलेला निधी आटत चाललाय, दोन विभागांत बोलणं नाही, यातलं काही तिच्यात नसतं. जाहिरातीत ते लिहावं असं मी म्हणत नाही. पण निवड समितीच्या हातात असा एक प्रामाणिक कागद असलाच पाहिजे: पुढच्या पाच वर्षांत या संस्थेपुढे नेमकं काय वाढून ठेवलंय, आणि त्यासाठी कसा माणूस लागेल. मोठा शास्त्रज्ञ हवा, की पैसा उभा करणारा हवा, की तुटलेली घडी बसवणारा? तिन्ही एकात मिळेल या आशेवर समित्या वर्षं घालवतात.

शिवाय, जो माणूस खरोखर लायक आहे तो सहसा अर्ज करतच नाही. तो कुठेतरी आपल्या कामात रमलेला असतो. पुण्याचं वर्तुळ छोटं. अर्ज केल्याची बातमी संध्याकाळपर्यंत त्याच्या सध्याच्या संस्थेत पोहोचते, आणि निवड झाली नाही तर तिथेही तोंड दाखवायची पंचाईत. अमेरिका-युरोपात अशा नेमणुकांसाठी स्वतंत्र कंपन्या असतात. त्या संस्थेकडून शुल्क घेतात, काही महिने गुपचूप फोन करतात, माणूस विचार करायला तयार झाला तरच नाव पुढे आणतात. आपल्याकडच्या विश्वस्त संस्थांना ते शुल्क परवडत नाही. मग हे काम होतं एखाद्या ज्येष्ठ विश्वस्ताच्या फोनच्या डायरीवरून.

त्या डायरीने पुण्याला फार मोठी माणसं दिली, हे खरंच आहे. पण तिच्यातली नावं आपल्या ओळखीतली, आपल्या कॉलेजातली, बरीचशी आपल्याच पेठेतली आणि बहुतेक पुरुषांची असतात, हेही तितकंच खरं. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालं, तेव्हा समाजशास्त्र इरावती कर्व्यांकडे गेलं आणि पुरातत्त्व ह. धी. सांकलियांकडे. एक बाई, एक मुंबईहून आलेला गुजराती तरुण. दोघांनी आपापला विषय या देशात उभा केला. त्या निवडीत जो मोकळेपणा होता तो आज ८५हून अधिक वर्षांनी आपल्या निवड समित्यांत असायला नको का?

(दृश्य: भांडारकर संस्था. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे खंड.)

इथे थोडं थांबायला हवं. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेली संहिता, १९१९ मध्ये हाती घेतली. सुरुवातीची काही वर्षं काम चाचपडत होतं. १९२५ मध्ये प्रमुख संपादक म्हणून विष्णु सीताराम सुकथनकर आले. केंब्रिजला गणित, मग बर्लिनला भाषाशास्त्र, त्यानंतर पुरातत्त्व खात्यात नोकरी. रूढ अर्थाने शास्त्री-पंडितांच्या परंपरेतला हा माणूस नव्हे. पण शेकडो हस्तलिखितांतले पाठभेद एका शिस्तीत मांडायचे, कुठला पाठ का घेतला याचं कारण देता आलं पाहिजे, या कामाला अशीच बुद्धी लागत होती.

सुकथनकरांनी आणखी एक गोष्ट केली, आणि नेतृत्वाच्या दृष्टीने मला ती सर्वांत मोठी वाटते. १९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण झालं, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी आपली सगळी पद्धत लिहून ठेवली. हस्तलिखितांची कुळं कशी लावली, निर्णय कशाच्या आधारावर घेतला, शंका कुठे उरली. जानेवारी १९४३ मध्ये ते गेले. काम अर्धंही झालं नव्हतं. त्यांच्यानंतर श्री. कृ. बेलवलकर आले, बेलवलकरांनंतर प. ल. वैद्य. १९६६ मध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते पूर्ण झालेल्या आवृत्तीचं प्रकाशन झालं. ४७ वर्षं, तीन प्रमुख संपादक, आणि आवृत्ती एकच. माणूस गेला तरी काम थांबलं नाही, कारण ते त्याच्या डोक्यात कोंडलेलं नव्हतं.

म्हणून मुलाखतीत उमेदवाराला एक प्रश्न हमखास विचारावा: आधीची संस्था सोडलीत, तेव्हा मागे काय लिहून ठेवलंत?

आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र केंद्राचं उदाहरण अलीकडचं. १९८८ मध्ये जयंत नारळीकर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून संस्थापक-संचालक म्हणून आले. २००३ मध्ये त्यांनी सूत्रं नरेश दधीच यांच्याकडे दिली, २००९ मध्ये ती अजित केंभावींकडे गेली. दोघेही पहिल्या दिवसापासूनचे सहकारी. नारळीकरांइतकं मोठं नाव असताना संस्था एका नावावर उभी राहणं सोपं होतं. तसं झालं नाही.

(दृश्य: ग्रंथालयाचं तळघर. कपाटं, लाल कापडात बांधलेल्या पोथ्या, भिंतीवर आर्द्रता मोजणारं यंत्र.)

आता ग्रंथालय. संचालकासाठी निदान समिती बसते. ग्रंथपाल निवृत्त झाला की मात्र ‘सध्या सहायकाकडे चार्ज देऊ’ इतकंच ठरतं, आणि ते ‘सध्या’ कितीही वर्षं चालतं.

हे पद किती जोखमीचं आहे ते पावसाळ्यात अशा खोलीत उभं राहिलं की कळतं. जुलैचा महिना, बाहेर संततधार. हवेतला ओलावा वाढला की कागद फुगतो, शिवणीत बुरशी धरते. कपाटाच्या मागच्या फळीला वाळवीची मातकट रेघ दिसली, तर ती आज दिसली पाहिजे, पुढच्या आठवड्यात नव्हे. पोथीची फळी उघडली की कसरीने खाल्लेली बारीक भोकं पहिल्या पानापासून सातव्यापर्यंत एका ओळीत गेलेली दिसतात. ती कुठे थांबली हे बघायला कुणीतरी पान उलटावं लागतं, आणि तसं बघण्याचा अधिकार व जबाबदारी एका माणसाची असावी लागते.

भांडारकर संस्थेत हस्तलिखितांची जबाबदारी १९१९ पासून थेट १९६१ पर्यंत परशुराम कृष्ण गोडे यांच्याकडे होती. त्यांनी हस्तलिखितं नुसती सांभाळली नाहीत. त्यातूनच शेकडो शोधलेख लिहिले, देशोदेशीच्या अभ्यासकांच्या पत्रांना उत्तरं दिली. संग्रह हाताखालून गेलेला माणूस संशोधकाला काय देऊ शकतो, याचं याहून मोठं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर नाही. तिकडे मद्रास विद्यापीठाने १९२४ मध्ये ग्रंथपाल म्हणून गणिताचा एक प्राध्यापक निवडला, शि. रा. रंगनाथन. त्याला शिकायला लंडनला पाठवलं. पुढे ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडणारा हाच माणूस. म्हणजे पदवी नसेल तर ती मिळवून देता येते, ही दृष्टी शंभर वर्षांपूर्वी होती.

आज या पदावरच्या माणसाला आणखी एक लढाई लढावी लागते. परदेशी नियतकालिकांची वर्गणी. केंद्र सरकारची ‘एक देश, एक वर्गणी’ योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, जवळजवळ १३,००० नियतकालिकं. पण ती सरकारी उच्च शिक्षण संस्थांसाठी आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. खासगी विश्वस्त संस्थेचं ग्रंथालय त्यात येत नाही. तिथल्या ग्रंथपालाला कुठलं नियतकालिक ठेवायचं, कुठलं सोडायचं, शेजारच्या संस्थेशी काय देवाणघेवाण करायची, हे सगळं स्वतः ठरवून समितीला पटवून द्यावं लागतं. त्याला संचालकाच्या बरोबरीने बसायला खुर्ची नसेल, तर हे तो कसं करणार?

(दृश्य: बैठकीची खोली. लांब टेबल, पाण्याची भांडी, फायली.)

मुलाखती बहुधा अर्ध्या तासाच्या. वीस मिनिटं उमेदवाराचं सादरीकरण, दहा मिनिटं प्रश्न. त्यातले निम्मे प्रश्न शोधनिबंधांविषयी, जे अर्जात आधीच लिहिलेले असतात. उमेदवाराला सकाळी बोलवा. प्रयोगशाळेत, ग्रंथालयात, हिशेबाच्या खोलीत फिरू द्या. तो शिपायाशी कसा बोलतो, लेखापालाला काय विचारतो, हे समितीतल्या एकाने शेजारी चालत ऐकावं. जो उमेदवार स्वतःहून मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागतो, त्याला पुढच्या फेरीत जरूर घ्यावं. कारण आल्या आल्या त्याला परदेशी देणगीचा कायदा बघावा लागणार आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा करावे लागतात आणि त्यातला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून यंत्र मिळतं, ते चालवणाऱ्याचा पगार सहसा मिळत नाही. विश्वस्त बदलला तर ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद. विज्ञानातला मोठा माणूस हे सगळं शिकू शकतो, पण आपल्याला ते शिकावं लागेल हे त्याला रुजू होण्याआधी कुणीतरी सांगायला हवं.

आणि निवड झाल्यावर जुना प्रमुख शुक्रवारी गेला, नवा सोमवारी आला, असं करू नये. दोघांनी दोन महिने तरी बरोबर काढावेत. दुर्मिळ ग्रंथांची मोजणी दोघांच्या सहीने व्हावी. सुरू असलेल्या प्रत्येक प्रकल्पाचा एक-एक पानाचा टिपणवजा कागद तयार व्हावा, देणगीदारांच्या घरी दोघांनी मिळून जावं, कोर्टात काही अडकलं असेल तर वकिलाकडेही. विश्वस्त म्हणतील, एका पदाचे दोन पगार कुठून द्यायचे? दोन महिन्यांचा जादा पगार ही मोजता येणारी रक्कम आहे. ती याच वर्षीच्या अंदाजपत्रकात, स्वतंत्र शीर्षाखाली धरून ठेवता येते, संचालकांची मुदत अजून तीन वर्षं बाकी असली तरीही.